म्हातारी कोंबडी आणि अमेरिकन तांदूळ

तिसऱ्यांदा कुकर उघडला तेव्हा तांदूळ शिजला होता, पण कोंबडी नाहीशी झाली होती.

"कोंबडी कुठंय?" परांडेकर साहेबांनी पळी आत फिरवून विचारलं.

"आहे सर. विरघळलीय."

साहेबांनी पळीवर आलेलं एक हाड उजेडात धरून पाहिलं. जणू ते हाडच काही खुलासा करणार होतं. "पहिल्या वेळी काय झालं होतं?"

"तीन शिट्ट्या दिल्या होत्या. कोंबडी छान झाली, तांदूळ खिळ्यासारखा राहिला. दुसऱ्या वेळी सहा दिल्या. कोंबडीचा चुरा झाला, तांदूळ तरी चावला जात नव्हता."

"आणि आता पंचवीस मिनिटं."

"हो सर. आता तांदूळ झाला."

"म्हणजे तांदळाची कोंबडीशी पत्रिकाच जुळत नाही." साहेब खुर्चीत बसले. "उरलाय किती?"

मी पाकीट उलटं करून झटकलं. तळहातावर अकरा दाणे पडले. लांब, काळे, दाभणासारखे.

ही १९९४ सालच्या डिसेंबरातली गोष्ट आहे. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, गृहविज्ञानाची पदवी घेऊन नागपूरला 'मंगलदीप' कुकर कंपनीत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. महिला मंडळांत जायचं, टेबल मांडायचं, एका शिट्टीत वरण-भात-भाजी करून दाखवायची आणि रबरी रिंग कशी जपावी ते हसतमुखाने सांगायचं, हे माझं काम. सहा महिन्यांची परीक्षा-मुदत त्या महिन्याच्या अखेरीला संपत होती. कायम करायचं की नाही, हे परांडेकर साहेबांच्या हातात होतं, आणि साहेबांनी ते मिसेस हरकऱ्यांच्या हातात दिलं होतं.

मिसेस हरकरे अधिकाऱ्यांच्या कॉलनीतल्या सुवर्णा लेडीज क्लबच्या अध्यक्षा होत्या. त्यांची मुलगी अमेरिकेत मिनेसोटाला होती. तिने आईला एक मासिक आणि एक पाकीट पाठवलं होतं. मासिकात 'एका भांड्यातलं जेवण' होतं: कोंबडी आणि वाइल्ड राइस, प्रेशर कुकरमध्ये. पाकिटात तो राइस होता. शुक्रवारी क्लबात हाच पदार्थ करून दाखवायचा, असं बाईंनी फर्मावलं होतं. गुरुवार नको, कारण मार्गशीर्षातले गुरुवार होते. शनिवार नको, कारण मिसेस काण्यांचा शनिवार होता. पाकीट माझ्या हाती देताना त्या म्हणाल्या होत्या, "जपून वापर हं. उरलेलं मला परत हवंय."

आणि मंगळवारी दुपारी अकरा दाणे उरले होते.

"नागपुरात मिळत नाही," साहेब म्हणाले. "मी चार ठिकाणी फोन केले. एकाने विचारलं, जंगली म्हणजे कुठल्या जंगलातला. दिघोरे, दुसरं काहीतरी काळं-तांबडं आणा. शिजल्यावर कोण बघतंय?"

मी मासिक उघडलं. कृतीच्या शेजारच्या पानावर एक मोठा फोटो होता. पसरलेलं पाणी, पाण्यात डोक्याएवढं उंच गवत, त्या गवतात एक अरुंद नाव आणि नावेत वाकून बसलेली एक म्हातारी. तिने गवताच्या लोंब्या कुशीत ओढून धरल्या होत्या. मी त्या फोटोकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "सर, मी आणतो."

"आणतो?"

"आणते," मी घाईने दुरुस्त केलं.

आमच्या भंडाऱ्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. ते बोलणं मी नागपुरात आल्यावर पहिल्या आठवड्यात पुसून टाकलं होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ते तोंडातून निसटलं.

"कुठून आणणार?"

"ओळखीचे आहेत सर."

ओळखीची म्हणजे माझी आई होती.

आमचं गाव सोनेखारी, साकोलीच्या पुढे. गावाला एक जुनं मोठं तळं आहे. आम्ही धिवर. वडील त्या तळ्यात जाळं टाकायचे आणि ते गेल्यावर माय मासळी बाजारात नेऊन विकायची. क्लबातल्या बाया विचारायच्या, "वडील कशात होते?" मी म्हणायची, "मत्स्यव्यवसायात." त्या म्हणायच्या, "म्हणजे फिशरीज डिपार्टमेंट?" मी म्हणायची, "तिकडेच." त्या मान डोलवायच्या.

त्या तळ्याच्या कडेला, जिथे कुणी नांगर लावत नाही की बी टाकत नाही, तिथे पावसाळ्यात आपोआप एक भात उगवतो. आम्ही त्याला देवधान म्हणतो. त्याचा दाणा पिकला की लगेच पाण्यात गळतो. म्हणून बाया आधीच डोंग्यातून जाऊन त्याच्या लोंब्या एकमेकींना बांधून ठेवतात आणि पिकल्यावर डोंग्यातच झोडून घेतात. कुसळं हातात घुसतात. लहानपणी शाळेत माझ्या डब्यात तो तांबडा भात असायचा आणि मी झाकण अर्धंच उघडून जेवायची. ऋषिपंचमीला मात्र साकोलीच्या मास्तरीणबाई आणि वकिलीणबाई आमच्या दारात येऊन तोच भात मागायच्या. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी चालत नाही, म्हणून.

बुधवारी मी घरी पोचले तेव्हा माय अंगणात जाळ्याची भोकं सांधत होती. फोटोतली बाई अशीच होती. पाठीचा बाकसुद्धा तोच.

"देवधान हाय का वो माय?"

"हाय ना. कसाले पाह्यजे? पंचमी तं झाली."

मी तिला सगळं सांगितलं. अमेरिका, पाकीट, शिट्ट्या, विरघळलेली कोंबडी. तिने सुई थांबवली नाही. मग म्हणाली, "कोंबडी कोनती घेतली होती?"

"ब्रॉयलर."

"ते कोंबडी नोहे, ते कापूस होय." ती उठली. "म्हातारी कोंबडी पाह्यजे. म्हातारी कोंबडी आन देवधान, दोघायलेबी घाई नसते. बरोबर शिजतीन."

गृहविज्ञानाच्या तीन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तिने उखळात देवधान कांडलं, सुपात पाखडलं. तांबूस, बारीक दाणे निघाले. एक म्हातारी, अंडी बंद झालेली कोंबडी टोपलीखाली झाकली. आणि मग पेटीतून तिचं नवं हिरवं लुगडं काढून झटकलं.

"ते कसाले?" मी विचारलं.

"मीबी येतो. कोंबडी तू नेशीन का बसमधी?"

"नेईन ना."

"आन मी तुह्यावालं काम कधी पाह्यलं नाही. मोठ्या मोठ्या बायायले शिकवतेस म्हनते, मंग मी एक डाव पाहू नोको?"

मला नाही म्हणता आलं नाही. पण त्या रात्री मी तिला शिकवून ठेवलं की तिथे जास्त बोलायचं नाही. ती म्हणाली, "मी कसाले बोलतो? मी पाहीन."

गुरुवारी आम्ही नागपूरला आलो आणि शुक्रवारी सकाळी क्लबात पोचलो. क्लबाच्या स्वयंपाकघरात मांसाहार चालत नसे. तो मागच्या हिरवळीवर चाले. नियम काटेकोर होता: हिरवळीवर शिजवलेलं आत आणून खाता येत होतं, आत शिजवता मात्र येत नव्हतं. परांडेकर साहेब टाय लावून हिरवळीवर उभे होते. त्यांनी मायकडे पाहिलं, तिच्या हातातल्या झाकलेल्या टोपलीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ही कोण? हेल्पर का?"

माय माझ्या बाजूला हातभर अंतरावर उभी होती.

"हो सर," मी म्हणाले.

"बरं केलंत. कोंबडी साफ करायला कुणीतरी लागेलच. त्यांना तिकडे नळापाशी बसवा."

मी मायकडे पाहिलं नाही. ती स्वतःच नळाकडे चालू लागली.

दाणे पाहून साहेब म्हणाले, "काळा नाही, तांबडा आहे." क्षणभर विचार करून त्यांनी स्वतःच तोड काढली. "हरकत नाही. सांगू की मंगलदीपमध्ये रंग खुलतो."

अकरा वाजता पंचवीस बाया खुर्च्यांवर बसल्या. मिसेस हरकऱ्यांनी मासिक छातीशी धरून भाषण केलं. अमेरिकेत बायकांना वेळ नसतो, म्हणून तिथे सगळं एका भांड्यात करतात, त्यामुळे तो देश पुढे गेला, असा त्याचा मथितार्थ होता. मग मी टेबलामागे उभी राहिले. लोण्यात कांदा-लसूण परतला, मिरपूड घातली, कोंबडीचे तुकडे घातले. कृतीत सेलरी होती. ती मिळाली नव्हती, म्हणून मायने सुचवल्याप्रमाणे कोथिंबिरीचे देठ घातले. "ही सेलरी का?" एकीने विचारलं. साहेब म्हणाले, "तिचीच बहीण." सगळ्यांनी वह्यांत लिहून घेतलं. मग देवधान, पाणी, मीठ. झाकण लावलं, रिंगचं महत्त्व सांगितलं.

पाच शिट्ट्या झाल्या. आच मंद करून मी वीस मिनिटं बोलत राहिले. काय बोलले ते मला आठवत नाही. नळापाशी माय दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. एखाद्या लग्नात बसावं तसा तिचा चेहरा होता.

झाकण उघडलं आणि वास आला. कोंबडी तुकड्यांनिशी शाबूत होती, आणि भाताचा दाणा न् दाणा सुटा, फुललेला.

"अय्या!" मिसेस हरकरे म्हणाल्या. "वास बघा. अगदी फॉरेन."

ताटल्या फिरल्या. मिसेस काणे म्हणाल्या, "मी खात नाही. मला नुसता राइस द्या, पीसेस बाजूला काढून." त्यांनी तो तीनदा घेतला. तिसऱ्या वेळी बाजूला काढायचं त्या विसरल्या. कुणी म्हणालं, याने वजन उतरतं. कुणी म्हणालं, आपल्या लोकांना असलं काही पिकवायची अक्कलच नाही. साहेबांनी मला दुरूनच अंगठा वर करून दाखवला. 

तेव्हा मिसेस हरकऱ्यांनी मासिक उघडून फोटो सगळ्यांपुढे धरला. "हे बघा, हा तांदूळ तळ्यात आपोआप येतो. तिथले रेड इंडियन लोक नावेत बसून गोळा करतात. अडाणी बिचारे, पण बघा कशी वस्तू जपून ठेवलीय!"

मासिक हातोहात फिरत नळापर्यंत आलं. शेवटच्या खुर्चीवरच्या बाईंनी ते बाजूला ठेवलं आणि मायने उचललं. तिने आधी हात लुगड्याला पुसले. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग तिचा चेहरा उजळला आणि मी शिकवून ठेवलेलं सगळं ती विसरली.

"ही कोनच्या तलावावरची वो?" तिने मोठ्याने विचारलं. "बांधत नाही का ही? अशानं तं अर्धं धान पान्यात जाईन. आमच्याकडे पह्यले बांधते."

पंचवीस माना नळाकडे वळल्या.

"काय म्हणतेय ती?" मिसेस हरकऱ्यांनी विचारलं.

"हे देवधान होय ना," माय कौतुकाने म्हणाली. तिने माझ्या टेबलावरच्या कुकरकडे बोट केलं. "तेच, तुम्ही खाल्ले ते. आमच्या तलावातलं."

मिसेस काण्यांचा घास ओठांपाशी थांबला. मिसेस हरकरे सावकाश माझ्याकडे वळल्या. परांडेकर साहेब हसत पुढे आले. ते इतके मोठ्याने हसत होते की कुकरचं झाकण टेबलावर थरथरलं.

"गावाकडची बाई आहे हो. तिला सगळा तांदूळ सारखाच. दिघोरे मॅडम, तुम्ही सांगा. हा पाकिटातलाच आहे ना?"

पाकीट संपलंय हे साहेबांना माहीत होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. पंचवीस बाया बघत होत्या. माय बघत होती, अजून हसतच, कारण मी आता हो म्हणणार आणि सगळ्यांना आमच्या तळ्याचं सांगणार असं तिला वाटत होतं.

"हो," मी म्हणाले. "पाकिटातलाच आहे."

मायने मासिक मिटलं. खुर्चीवर अलगद ठेवलं.

"असंन," ती म्हणाली. "म्हातारीले काय समजते."

सगळ्या हसल्या, हायसं वाटून. घास ओठांतून आत गेले. मायने कुकर उचलून नळाखाली नेला आणि घासायला घेतला. निघताना मिसेस हरकऱ्यांनी उरलेला भात एका पिशवीत बांधून तिच्यापुढे धरला. "घ्या बाई. परत कधी खायला मिळणार!"

"नोको वो," माय म्हणाली. "आमच्या घरी असते."

"यांच्या घरी असतो म्हणे!" बाई मैत्रिणींना म्हणाल्या. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. मला वाटतं, तेच जास्त वाईट होतं.

बसस्टँडवर साकोलीची गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मी तिला चहा आणून दिला. ती तो बशीत ओतून प्यायली.

"माय, नोकरीचं होतं," मी म्हणाले. "ह्या महिन्यात कायम करणार आहेत."

"मले समजते."

"साहेबांनीच तसं विचारलं..."

"मी काही म्हनलं का?"

ती उठली. बशी धुवून चहावाल्याला परत देऊन आली. कुकर चांगला आहे म्हणाली, मात्र घासायला कोपरे अवघड आहेत, कंपनीला सांग, म्हणाली. गाडी लागली. खिडकीत बसल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"ते फोटोतली बाई... तिले पोरगी असंन का वो?"

"मला काय माहीत माय."

"असंनच. शिकली असंन. दूर कुठंतरी नोकरीले असंन." तिने खिडकीचा गज धरला. "तिच्या पोरीनं पाह्यला असंन का हा फोटो?"

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली. ती पुढे बघत होती. तिने मला टोचायला ते विचारलं नव्हतं, याची मला आजही खात्री आहे. तिला त्या बाईची खरोखर काळजी वाटली होती.

मी स्टँडच्या बाहेर आले, रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला माझ्या खोलीचा पत्ता सांगितला. अर्ध्या वाटेवर त्याला वळायला सांगितलं.

क्लबात हाउझी चालली होती. बाया आत, हॉलमध्ये, पंख्याखाली आकडे कापत होत्या. परांडेकर साहेबही होते. त्यांना आकडे पुकारायला बसवलं होतं. मी दारातून सरळ मध्ये गेले.

"काय गं, काही राहिलं का?" मिसेस हरकऱ्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. मग आवाज चढवला. "सकाळी ज्यांनी कुकर घासला त्या माझ्या आई आहेत. सगुणाबाई दिघोरे. आम्ही धिवर आहोत. वडील डिपार्टमेंटमध्ये नव्हते, मासे धरत होते. आणि तो तांदूळ पाकिटातला नव्हता. आमच्या तळ्यातला होता, आईने झोडलेला आणि कांडलेला. कोंबडीही आमचीच होती."

साहेबांच्या हातातला सत्तावन्न आकडा हातातच राहिला.

मी वाट बघत होते. कुणी चिडेल, कुणी लाजेल, कुणी म्हणेल आधी का नाही सांगितलंस. मिसेस काण्यांना उलटी होईल असंही मला वाटलं होतं, पण त्या शांतपणे आपलं तिकीट बघत होत्या. मिसेस हरकऱ्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "माझं पाकीट कुठंय?"

"काय?"

"माझं पाकीट. हा तांदूळ त्यातला नव्हता म्हणतेस ना? मग ते पाकीट भरलेलं असायला हवं. मी तुला उरलेलं परत दे म्हटलं होतं."

"बाई, ते तालमीत संपलं. तीन वेळा करून पाहिलं..."

"तीन वेळा! आणि खाल्लं कुणी?"

मी साहेबांकडे पाहिलं. तिन्ही वेळा चमचा त्यांचाच होता. साहेबांनी डबीत हात घालून पुढचा आकडा शोधायला सुरुवात केली.

"माझ्या मुलीने मिनेसोटाहून पाठवलेलं पाकीट," मिसेस हरकरे सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, आणि मग हॉलमध्ये खरा संताप पसरला. परदेशातून आलेल्या वस्तू पोस्टात कशा गहाळ होतात, नोकर माणसं परफ्यूम कशी पळवतात, यावर एकेक जण बोलू लागली. माझ्या आईबद्दल, तळ्याबद्दल, मी बोललेल्या खोट्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. त्यांना त्यात काही गैर दिसलंच नव्हतं. मी पाच मिनिटं उभी राहिले. मग निघाले. मागून साहेबांचा आवाज आला, "सत्तावन्न!"

शनिवारी मला पत्र मिळालं. 'ग्राहकाने विश्वासाने सोपविलेल्या खाद्यवस्तूचा परस्पर वापर' केल्याबद्दल कंपनीला माझ्या सेवेची आवश्यकता उरली नव्हती. खाली परांडेकर साहेबांची सही होती. पत्र देताना ते खालच्या आवाजात म्हणाले, "दिघोरे, एक सांगा. कोंबडी किती म्हातारी लागते?" पुढच्या वर्षी कंपनीच्या पुस्तिकेत 'अमेरिकन पद्धतीचा चिकन-राइस' छापून आला, मिसेस हरकऱ्यांच्या नावाने. त्यात कोंबडीचं वय दिलेलं नव्हतं. तक्रारी बऱ्याच आल्या म्हणे.

रविवारी मी ट्रंक घेऊन गावी गेले. बस उतरून घराकडे वळले तर अंगणात पाच-सहा बाया बसलेल्या. माय मध्ये, चुलीसाठी काटक्या मोडत. मला बघून ती गडबडली. आमच्या शेजारची भागरता उठून माझ्याजवळ आली, माझ्या तोंडावरून हात फिरवून तिने कानशिलावर बोटं मोडली.

"तुह्या मायनं सांगतलं सारं," ती म्हणाली. "साहेबाच्या बाया रांगेनं बसल्या होत्या म्हने. आन तू तिचा हात धरून सगळ्यायच्या म्होरं नेलं म्हने. म्हनलीस, ही माही माय, हे तिच्या हातचं धान. खरं हाय का वो?"

मी मायकडे पाहिलं. ती मान खाली घालून काटक्या मोडत होती. चुलीला पुरून उरतील एवढ्या मोडून झाल्या होत्या, तरी मोडत होती.

"खरं आहे," मी म्हणाले. "नाव घेऊन सांगितलं. सगुणाबाई दिघोरे."

बाया समाधानाने एकमेकींकडे बघून उठल्या. त्या गेल्यावर माय आत आली. मी हातपाय धुवत होते.

"तू कसाले खोटं बोललीस?" ती हळूच म्हणाली. "मी बोललो, तेवढं पुरे होतं. एका घरात दोघींनी कसाले?"

"खोटं नाही माय. तुझी गाडी गेल्यावर मी परत गेलो होतो. सगळ्यांपुढे सांगितलं."

'गेलो' म्हणाले, आणि या वेळी दुरुस्त केलं नाही. ती माझ्या ट्रंकेकडे बघत होती. डिसेंबरच्या मध्यात कुणी ट्रंक घेऊन सुटीला येत नाही, एवढं तिला कळत होतं.  नोकरी गेल्याचं मी तिला दोन दिवसांनी सांगितलं. पुढे मी साकोलीच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवायला लागले आणि आजही तिथेच शिकवते, पण त्या संध्याकाळी पुढचं काहीच दिसत नव्हतं.

तिने चुलीवरचं भांडं उतरवलं, ताट घेतलं. पदराने पुसून घेतलं. मग विचारलं,

"सांगतलं, तं बाया काय म्हनल्या?"

मी पाटावर बसले. ती पळी हातात धरून थांबली होती.

"म्हणाल्या, आम्हाला आधी माहीत असतं तर त्यांना खुर्ची दिली असती."

मायने मान डोलावली.

"देल्ली असती," ती म्हणाली. "चांगल्या घरच्या बाया होत्या." आणि माझ्या ताटात भात वाढला.